डिझेलच्या डेपोत इलेक्ट्रिक लो-फ्लोअर बस आणायची तर: ड्युटी, लोड, रॅम्प आणि पावसाळा

४० मुक्कामी गाड्यांचा डिझेल डेपो इलेक्ट्रिकवर न्यायचं ठरलं की पहिली फाइल बहुधा गाड्यांच्या खरेदीची निघते. आमच्या मते पहिली फाइल ड्युटी-शेड्यूलची असावी. डिझेल गाडीची टाकी सकाळी भरली की रात्री गेटमध्ये येईपर्यंत इंधनाचा विषय संपतो. इलेक्ट्रिक गाडीचं तसं नाही. ती चालताना खाते आणि सिग्नलला उभी असतानाही खाते, कारण एसी चालूच असतो. डिझेलचं शेड्यूल जसंच्या तसं तिच्यावर टाकलं तर दुपारी चार वाजता कंट्रोलरूमचे फोन सुरू होतात.

आधी उंची ठरवा

आपल्याकडची जुनी सिटी बस म्हणजे ट्रकची चासी. इंजिन पुढे, खाली शिडीसारखी फ्रेम आणि फ्रेमवर बॉडी. त्यामुळे फ्लोअर जमिनीपासून मीटरभर वर आणि दाराला तीन पायऱ्या. २००९ मध्ये जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेतून शहरांना बससाठी पैसे मिळाले, तेव्हा मागे इंजिन असलेल्या लो-फ्लोअर गाड्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. फ्लोअर खाली आणायला दोन गोष्टी लागल्या: इंजिन मागे नेणं आणि मागे पोर्टल ॲक्सल बसवणं. या ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा खाली असते आणि चाकाजवळच्या गिअरमधून ताकद वर पोचते. एवढं करूनही मागच्या चाकामागे इंजिनासाठी पायरी राहिलीच.

इलेक्ट्रिकमध्ये ते इंजिन गेलं, पण २५० युनिटच्या बॅटरीचं दोन टनांच्या आसपासचं वजन आलं. ते छतावर ठेवायचं की मागे, यावर बाकी सगळं ठरतं. छतावर असेल तर आत सलग सपाट जागा मिळते, पण गाडी उंच होते. डेपोचं वॉशिंग मशीन, शेडची तुळई, रूटवरचे लोंबते केबल आणि झाडांच्या फांद्या टेप लावून मोजून घ्या. बॅटरी मागे असेल तर मागच्या सीट चढावर जातात.

फ्लोअरच्या उंचीचे आपल्याकडचे आकडे तीन: ४००, ६५० आणि ९०० मिमी. साध्या फुटपाथच्या थांब्यांना ४०० घ्या. बीआरटीसारखा (बससाठी राखीव मार्गिकेवरचा) उंच फलाट असेल तर ९०० ला पर्याय नाही; तिथे ४०० ची गाडी नेली तर प्रवासी फलाटावरून खड्ड्यात उतरल्यासारखा उतरेल. ६५० ही तडजोड आहे: एक पायरी राहते आणि व्हीलचेअर अडकते ती त्याच पायरीवर. जुन्या डिझेल चासीवर मोटर बसवून लो-फ्लोअर करू, असं कुणी सांगितलं तर चहा पाजून परत पाठवा. मोटर बसेल, फ्रेम खाली जाणार नाही.

ड्युटीचा हिशेब

१२ मीटरची एसी गाडी शहरात नुसती धावायला, स्टिअरिंग आणि हवेच्या कॉम्प्रेसरसकट, किलोमीटरला साधारण ०.९ युनिट खाते असं धरा. एसीचा हिशेब मात्र तासावर करायचा. उन्हाळ्यात एसीचा सरासरी भार ८ किलोवॉट धरला तर:

ताशी २० किमी वेगाला किलोमीटरमागे ०.४ युनिट.
ताशी १५ किमीला ०.५३.
ताशी १० किमीला ०.८.

म्हणजे तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर १.३ युनिटवर धावते आणि बाजारपेठेतल्या रूटवर १.७ वर जाते. म्हणून प्रत्येक रूटचा सरासरी वेग तिकीट मशिनच्या किंवा जीपीएसच्या डेटातून काढा. अंतर सगळ्यांना पाठ असतं, वेग कुणाला नसतो.

आता २५० युनिटची बॅटरी घ्या. २० टक्क्यांखाली उतरायचं नाही, म्हणजे वापरायला २०० युनिट. १५ च्या वेगाला १.४५ चा खप धरला तर एका चार्जमध्ये १३८ किमी. बॅटरी जुनी होऊन क्षमता ८० टक्क्यांवर आली की हेच ११० होतात. शेड्यूल ११० वरच बांधा. नव्या गाडीच्या आकड्यावर बांधलेलं शेड्यूल चौथ्या-पाचव्या वर्षी गळ्याशी येतं, आणि तेव्हा करार बदलता येत नाही.

दोन शिफ्ट मिळून १८० किमी असतील तर लागतात २६१ युनिट. म्हणजे नव्या गाडीला दुपारी ६१ युनिट भरावे लागतील, जुन्या गाडीला १०१. २४० किलोवॉटच्या चार्जरच्या दोन गनवर (गाडीच्या सॉकेटात लावायच्या टोकांवर) दोन गाड्या लागल्या तर एकीला १२० मिळतात. ६१ युनिटला अर्धा तास, १०१ ला पन्नास मिनिटं. गाडी लावणं, गन जोडणं, चार्जरने गाडी ओळखणं यात आणखी दहा मिनिटं जातात. शिफ्ट बदलताना एक तास मोकळा ठेवा. दुपारी १०० टक्के भरण्याचा हट्ट नको. ८०-९० टक्क्यांच्या पुढे बॅटरी करंट कमी घेते आणि रांगेतली पुढची गाडी ताटकळते. २५ वरून नवी गाडी ५० पर्यंत, जुनी ७५ पर्यंत न्या आणि सोडा.

डेड किलोमीटरही यातच मोजा. पहिल्या थांब्यापर्यंत १२ किमी रिकामी जाणारी गाडी जाऊन-येऊन ३५ युनिट खाते.

किलोमीटरच्या दराने कंत्राट असेल तर हा हिशेब थेट पैशाचा होतो. २०२२ मध्ये सीईएसएल या सरकारी कंपनीच्या मोठ्या निविदेत १२ मीटर गाडीचा सर्वात कमी दर किलोमीटरला ४३.४९ रुपये निघाला होता. अशा करारात ठरलेले किमान किलोमीटर धावले नाहीत तरी त्यांचे पैसे बहुधा द्यावेच लागतात. शेड्यूल कच्चं असेल तर न धावलेल्या गाडीचं भाडं भरावं लागतं.

वीज किती मागायची

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे सगळ्या चार्जरच्या पाट्यांवरचे आकडे जोडायचे: ४० गाड्यांना दोन गनचे २० चार्जर, २० × २४० = ४८०० किलोवॉट. एवढं मागितलं तर न वापरलेल्या लोडचे डिमांड चार्जेस (मागून ठेवलेल्या लोडचा आकार) दर महिन्याला भरा. दुसरी म्हणजे अंदाजाने कमी मागायचं आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारातला लोड) ओलांडल्याचा दंड सोसायचा.

४० गाड्यांना रात्री प्रत्येकी २०० युनिट म्हणजे ८००० युनिट. चार्जर आणि केबलमध्ये थोडं जातं, म्हणून ८५०० धरा. रात्री ११ ते पहाटे ५ या सहा तासांत भरायचे तर सरासरी १४२० किलोवॉट. वर्कशॉप, दिवे, वॉशिंग आणि चढउतार धरून १६५० ते १७०० केव्हीए पुरतात. यासाठी चार्जरवर लोड मॅनेजमेंट सॉफ्टवेअर हवंच. ते नसेल तर साडेदहाला आलेल्या सगळ्या गाड्या एकदम गन लावतात आणि मीटरमध्ये मागणीचं मोठं शिखर नोंदलं जातं.

एक २५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा १२५० चे दोन घ्या. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर बऱ्याच गाड्या सकाळी निघतील. उच्चदाब जोडणीला उशीर लागतो, कारण फीडरवर जागा आहे का ते पाहणं, केबलसाठी रस्ता खोदण्याची परवानगी आणि विद्युत निरीक्षकाची मंजुरी या सगळ्या पायऱ्या आहेत. गाड्यांची ऑर्डर आणि विजेचा अर्ज एकाच दिवशी द्या. वेळेनुसार बदलणारा दर पाहून संध्याकाळच्या महाग तासांत गन लावू नका.

यार्ड आखताना

बे रंगवण्याआधी गाडीचं चार्जिंग सॉकेट कुठे आहे ते पाहा: मागे, डावीकडे की उजवीकडे. दोन कंपन्यांच्या गाड्यांची सॉकेटं वेगळ्या बाजूला असली की गनची केबल पाच फूट कमी पडते आणि मग चालक गाड्या तिरक्या लावतात. चार्जरचा चौथरा आजवरच्या सर्वात जास्त तुंबलेल्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, केबलच्या चरांना उतार आणि निचरा द्या. डिझेलचा पंप शेवटची डिझेल गाडी जाईपर्यंत राहणार, तेव्हा चार्जर त्याच्यापासून लांब.

गाडीखाली उतरून काम करायचा पिट आता कमी लागेल, जिना जास्त. छतावरच्या बॅटरी आणि एसीसाठी कठडे असलेला प्लॅटफॉर्म आणि सेफ्टी बेल्टची सोय करा. शिडी टेकवून छतावर चढणारा मेकॅनिक व्होल्टेजमुळे नव्हे, पाय घसरून पडतो.

नारिंगी केबलला हात लावण्याआधी

नारिंगी केबल म्हणजे मोठ्या बॅटरीची जास्त व्होल्टेजची लाइन. चावी बंद. २४ व्होल्ट बंद. सर्व्हिस डिस्कनेक्ट (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग) काढा आणि काढणाऱ्यानेच तो खिशात ठेवावा. कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबा. क्लास ० चे रबरी ग्लोव्ह्ज फुगवून छिद्र आहे का ते पाहा, मगच घाला. १००० व्होल्टच्या मीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा. मीटर चालू आहे हे आधी माहीत असलेल्या व्होल्टेजवर तपासून घ्या. जवळ दुसरा माणूस उभा हवा.

पावसाळ्यातला नेहमीचा बिघाड

डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा (वीज बॉडीकडे गळतेय असा) लाल इशारा आणि गाडी जागच्या जागी. कारण बहुतेक वेळा बॅटरी नसते, ओलावा असतो. एसी (म्हणजे इथे प्रत्यावर्ती) आणि डीसी (एकदिश) वीज जोडलेल्या सर्किटला व्होल्टमागे किमान ५०० ओहम इन्सुलेशनचा नियम आहे. ६०० व्होल्टच्या गाडीत हे ३ लाख ओहम होतात. कनेक्टरमध्ये चमचाभर पाणी गेलं तरी आकडा त्याखाली येतो.

इशारा कधी आला ते लॉगशीटवर लिहायला लावा, अर्धं निदान तिथेच होतं. धुलाईनंतर आला तर प्रेशर गनचं पाणी खालच्या कनेक्टरवर मारलं गेलंय. फक्त एसी लावल्यावर आला तर एसी कॉम्प्रेसर पाहा. फक्त चार्जिंगला आला तर सॉकेट आणि गनच्या पिना. गन दुसरी लावून पाहा. कधीही येत असेल तर एकेक भाग सर्किटमधून वेगळा करून मोजा. सुकवायला कोरडी हवा वापरा. सील चेपलेलं असेल तर बदला, सिलिकॉन थापू नका. आत अडकलेलं पाणी मग बाहेरच येत नाही.

तुंबलेल्या रस्त्याला चालकासाठी सोपी खूण: फुटपाथची कड दिसत नसेल तर गाडी पुढे घालायची नाही.

गाडी सुरूच होत नाही आणि बॅटरी ९० टक्के दाखवते, अशी तक्रार आली तर आधी २४ व्होल्टची बॅटरी मोजा. ती बसली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) लागतच नाहीत. रात्री आतले दिवे आणि बोर्ड चालू राहिले की सकाळी हमखास हेच.

नीलिंग आणि रॅम्प

लो-फ्लोअरचे पैसे मोजून गाडी घेतली आणि थांब्यावर ती वाकलीच नाही तर उपयोग काय? नीलिंग म्हणजे दाराच्या बाजूच्या बेलोमधली (हवेच्या स्प्रिंगमधली) हवा सोडून गाडी ६०-८० मिमी खाली घेणं. गणित पाहा. फ्लोअर ४००, नीलिंग ७०, राहिले ३३०. फुटपाथ १५० चा असेल तर उरतात १८०. एक मीटरच्या रॅम्पला हा चढ साधारण १:५.५, मागून एका माणसाने ढकललं की व्हीलचेअर आत. तीच गाडी रस्त्याच्या मध्ये, नीलिंग न करता थांबली तर ४०० मिमीचा चढ, १:२.५. दोन माणसं लागतात आणि चाक मागे घसरतं.

म्हणून गाडी फुटपाथच्या कडेला १०० मिमीच्या आत लागली पाहिजे. थांब्याच्या आधी रिक्षा उभ्या असतील तर ते शक्य नाही. वाहतूक पोलिसांकडे थांब्यांची यादी द्या. दर आठवड्याला प्रत्येक गाडीचं नीलिंग आणि रॅम्प उघडून पाहा. रॅम्पच्या बिजागरीत चिखल बसतो, गाडीची उंची सांभाळणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी तुटते, एअर ड्रायर जुना झाला की पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं. गाडी एका बाजूला कललेली दिसली की रूटवर सोडू नका. पोट आधी स्पीडब्रेकरला लागेल. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मापाचा गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असतो, त्यावरून गाडी सहज जाते. गल्लीत लोकांनी रातोरात घातलेल्या अरुंद उंचवट्यांसाठी रूटची पाहणी रिकाम्या गाडीने नव्हे, वाळूची पोती भरून करा.

चालकाला काय सांगायचं

डिझेलची सवय म्हणजे पाय दाबला की गाडी थोड्या वेळाने ओढते. इथे ताकद लगेच येते आणि उभे प्रवासी मागे पडतात. पहिले दोन सेकंद पेडल हलकं ठेवा. पाय काढल्यावर गाडी आपोआप मंदावते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणून थांब्याच्या बऱ्याच आधी पाय काढा. मात्र १०० टक्के भरून निघालेल्या गाडीत पहिले काही किलोमीटर हे मंदावणं जवळजवळ जाणवत नाही, कारण बॅटरीत जागाच नसते. डेपोबाहेर लगेच उतार असेल तर चालकाला हे आधी सांगा, किंवा त्या गाड्या ९५ टक्क्यांवरच थांबवा.