यूट्यूब चालते पण एमपी४ चालत नाही? वेबइंजिनमध्ये कोडेक असे चालू करा

शाळेत, ग्रामपंचायतीत जुने चार जीबी रॅमवाले लॅपटॉप पडलेले असतात, त्यावर लिनक्स टाकून फाल्कन किंवा क्यूटब्राउझरसारखं हलकं ब्राउझर दिलं की काम झकास चालते. मग गुरुजी म्हणतात, यूट्यूब तर चालून राहिलं, पण बोंडअळीचा जो व्हिडिओ साइटवर टाकला आहे तो काहून नाही चालत, नुसता काळा चौकोन दिसते. नेटला शिव्या देऊ नका, नेट बरोबर आहे.

यूट्यूब व्हीपी९ नाहीतर एव्ही१ मध्ये व्हिडिओ देऊ शकते, आणि हे दोन्ही कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायची आणि परत उघडायची पद्धत) वापरायला फी लागत नाही. साइटवर थेट टाकलेला एमपी४ मात्र बहुतेक वेळा एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असा असते. एच.२६४ हे स्टँडर्ड २००३ चं, त्यावर पेटंट आहेत, दुसऱ्यांना वाटायचं असलं तर लायसनचा प्रश्न येते. म्हणून क्यूट वेबइंजिन (फाल्कन आणि क्यूटब्राउझरच्या पोटातलं पान दाखवणारं इंजिन, आतून ते गूगल क्रोमचा पाया असलेलं क्रोमियमच आहे) मूळ सोर्समध्ये हे कोडेक बंद ठेवूनच येते. आणि बटण सेटिंगमध्ये नाही बरं का, तिथं शोधत बसू नका, पॅकेज बिल्ड करतानाच (म्हणजे सोर्सपासून प्रोग्राम बनवतानाच) ते ठरते.

इथंच लोक फसतात. कोडेकचं पॅकेज टाकतात, व्हीएलसीमध्ये तोच व्हिडिओ मस्त चालते, ब्राउझरमध्ये मात्र काळाच. कारण वेबइंजिन बरेचदा स्वतःचं वेगळं एफएफएमपेग (कोडेक चालवणारा प्रोग्राम) पोटात घेऊन फिरते, सिस्टममधल्या एफएफएमपेगशी त्याचं घेणंदेणं नाही. शेजारच्या वावरातल्या विहिरीत मोटर टाकली म्हणून आपल्या पऱ्हाटीला पाणी येते का.

म्हणून पहिले हे पाहा. (कमांड मी बोलतो तशा लिहून राहिलो, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.) टर्मिनलमध्ये 'एलडीडी' आणि पुढं वेबइंजिनकोअरच्या लायब्ररी फाइलचा पूर्ण पाथ द्या. यादीत लिबएव्हीकोडेक (एफएफएमपेगचीच लायब्ररी) दिसलं तर तुमचं इंजिन सिस्टमचं एफएफएमपेग वापरते, मग काम सोपं. फेडोरावर आरपीएम फ्यूजनची फ्री रेपो (पॅकेजचा बाहेरचा साठा) जोडा, त्यातून लिबएव्हीकोडेक-फ्रीवर्ल्ड टाका, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. फेडोराचं स्वतःचं एफएफएमपेग-फ्री आहे ते मुद्दाम कापलेलं असते, म्हणून ही उठाठेव.

यादीत ते नसलं तर कोडेक पोटातच असायला पाहिजे. आर्च आणि डेबियनवाले आपलं पॅकेज कोडेक चालू करूनच बनवतात, त्यामुळे तिथं सहसा काही करावंच लागत नाही. तरी चालत नसलं तर पाहा, ब्राउझर पिप (पायथनची पॅकेज टाकायचं साधन) वापरून तर नाही टाकलं? पिपमधून येणाऱ्या पायक्यूट वेबइंजिनमध्ये हे कोडेक नसतात. क्यूटब्राउझरच्या एमके-व्हेन्व्ह स्क्रिप्टला 'पायक्यूट-टाइप लिंक' असा पर्याय दिला की ते सिस्टमचं क्यूट घेते, झालं काम. जेंटूवर वेबइंजिनचा 'बाइंडिस्ट' यूज फ्लॅग काढा आणि पुन्हा इमर्ज करा.

एवढं करूनही जमलं नाही तरच स्वतः बिल्ड करायच्या भानगडीत पडा. सोर्स शेकडो एमबीचा आहे, रॅम आठ जीबी तरी पाहिजे आणि सोळा असली तर लय बरं, शाळेच्या त्या लॅपटॉपवर हे करू नका, तालुक्याला कोणाचं चांगलं मशीन असलं तर तिथं करा, फक्त डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) आणि व्हर्जन दोन्हीकडे तेच ठेवा. जे क्यूट बसवलेलं आहे त्याच व्हर्जनचा क्यूटवेबइंजिन सोर्स घ्या, वेगळा रिकामा फोल्डर करा, त्यात जाऊन 'क्यूटी-कॉन्फिगर-मॉड्यूल', मग सोर्सचा पाथ, मग 'मायनस वेबइंजिन-प्रोप्रायटरी-कोडेक्स'. शेवटी जो गोषवारा येते त्यात प्रोप्रायटरी कोडेक्ससमोर 'येस' आहे का ते डोळे उघडे ठेवून वाचा. 'नो' असतानाच पुढं गेलात तर रात्रभर मशीन तापवून हाती तेच जुनं पॅकेज. 'येस' असलं की 'सीमेक बिल्ड' आणि मग 'सीमेक इन्स्टॉल'. रॅम कमी पडून मशीन अडकून राहिलं तर निंजाफ्लॅग्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (निंजा म्हणजे बिल्ड करणारं साधन) 'मायनस जे२' द्या, वेळ जास्त लागते पण पूर्ण होते. मधात लाईन गेली तर घाबरू नका, तीच बिल्ड कमांड पुन्हा द्या, निंजा झालेलं काम परत करत नाही.

हाताने बसवलेलं पॅकेज पुढच्या अपडेटमध्ये पुसून जाते. 'एपीटी-मार्क होल्ड' करून ते थांबवता येते, पण मला ते पटत नाही, ब्राउझरचं इंजिन जुनं ठेवणं म्हणजे सुरक्षेची भोकं उघडी ठेवणं. होल्ड केलंच तर नवीन व्हर्जन आलं की परत बिल्ड करायची तयारी ठेवा.

गनोमचं वेब म्हणजे एपिफनी वापरत असाल तर वरचं सगळं विसरा, ते वेबकिटवर चालते आणि व्हिडिओ जीस्ट्रीमर या वेगळ्या लायब्ररीकडून घेते. डेबियन-उबंटूवर जीस्ट्रीमरचं लिबएव्ही पॅकेज टाकलं की बस.

तपासायला ब्राउझरच्या कन्सोलमध्ये व्हिडिओ एलिमेंटवर 'कॅन-प्ले-टाइप' चालवा, एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४) कोडेकला 'प्रॉबेबली' आलं तर जमलं, रिकामं आलं तर नाही. आता दोन गोष्टी यानेही सुधारत नाहीत. नेटफ्लिक्ससारख्या साइटला वाइडवाइन (कॉपी रोखणारं कुलूप) लागते, ते वेगळंच प्रकरण. आणि काही नवीन मोबाईल एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात, तो एच.२६४ नव्हे, क्रोमियममध्ये तो मुख्यतः हार्डवेअरच्या भरवशावर आहे, जुन्या लॅपटॉपवर आशा ठेवू नका. असे व्हिडिओ आपल्याच हातात असतील तर एफएफएमपेगने व्हीपी९ आणि ओपस (आवाजाचा कोडेक) मध्ये वेबएम फाइल करून शाळेला द्या, बिल्डचं नावही काढायची गरज नाही.