रस्त्यावरची ओरिएंटियरिंग, सरावाची रात्र: या चुका टाळा

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा पाहून धावत ठरलेल्या जागा गाठायचा खेळ; त्या जागांना कंट्रोल म्हणतात. एका सरावाला मी उत्साहाच्या भरात तीन नियम एकत्र केले. सम आणि विषम कंट्रोल आलटून पालटून घ्यायचे, एका रंगाचे सगळे मिळाले तर जादा गुण, आणि एक कंट्रोल 'हुकमाचा', त्याचे दुप्पट. लोक पाऊण तास धावले आणि मी निकालाची बेरीज त्याहून जास्त वेळ करत बसलो. वर दोघांनी भांडण काढलं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे: दिव्याच्या खांबाखाली उभं राहून नियम एका मिनिटात सांगून होत नसेल, तर तो प्रकार त्या रात्रीपुरता बाद. नवा प्रकार म्हणजे धावणाऱ्याचा एक निर्णय बदलणारा एक नियम. दुसरा नियम सुचलाच तर तो पुढच्या आठवड्यासाठी ठेवा.

तो एक नियम तरी खरंच काही बदलतो का, हेही बघावं लागतं. सम-विषमचंच घ्या. विषम कंट्रोलनंतर समच घ्यायचा, समनंतर विषमच. नकाशावर डावीकडून उजवीकडे 1, 2, 3, 4 असे नंबर टाकत गेलात तर शेजारचा कंट्रोल आपोआप विरुद्ध जातीचा येतो. मग नियम असून नसल्यासारखाच. याउलट सगळे सम एका अंगाला आणि विषम दुसऱ्या अंगाला ठेवलेत, तर लोक रात्रभर त्याच रस्त्यावरून येरझाऱ्या घालतात. मी जवळजवळच्या दोन-तीन कंट्रोलना एकाच जातीचे नंबर देतो आणि असे छोटे पुंजके नकाशाभर विखुरतो. मग जवळचा कंट्रोल समोर दिसत असूनही घेता येत नाही आणि डोकं चालवावं लागतं.

स्मरणाच्या प्रकारात (नकाशा मध्यावर ठेवायचा, पाहून धावायचं, परत येऊन पुढचा पाहायचा) घोळ होतो तो एकच नकाशा ठेवल्यामुळे. चार प्रती लावा आणि कंट्रोल मध्यापासून तीन-चारशे मीटरांच्या आत ठेवा. सगळ्यांना एकदम सोडायचं असेल आणि सगळेच सर्वांत वेगवान माणसाच्या पाठीला लागत असतील, तर तीन छोटी आवर्तनं (निघाल्या जागी परत येणाऱ्या फेऱ्या) आखा. प्रत्येकानं तिन्ही करायची, पण क्रम वेगवेगळा. कोणाचा क्रम कोणता, हे ज्याच्या त्याच्या नकाशावरच छापा. तोंडी सांगितलेलं धावताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

उशिराचा दंड

गुणांच्या प्रकारात (ठरल्या वेळात जमतील तेवढे कंट्रोल घेऊन गुण मिळवायचे) सगळ्यात जास्त गडबड इथे होते. वेळ 60 मिनिटं, कंट्रोल 10 ते 50 गुणांचे, उशिराला मिनिटामागे 10 गुण दंड. ऐकायला ठीक वाटतं. पण 50 गुणांचा कंट्रोल तीन मिनिटं जादा घालवून मिळत असेल, तर 30 गेले तरी 20 फायद्यातच. म्हणजे उशीर करणं शहाणपणाचं ठरतं आणि तुम्ही अंधारात वाट बघत उभे. पहिल्या मिनिटाला 10, पुढे प्रत्येक मिनिटाला 30, असा चढता दंड लावा. शिवाय एक शेवटची वेळ ठरवा, जिच्या आत हरवलेल्यानंही सुरुवातीच्या जागी यायचंच.

यादीवर जाताना नाव, आल्यावर टिकमार्क, आणि नकाशावर तुमचा फोन नंबर. कोणी ना कोणी परस्पर घरी जातंच, आणि बाकीचे त्याला गल्लीगल्लीत शोधत फिरतात.

उत्तर सापडत नाही तेव्हा

कंट्रोलला पोचल्याचा पुरावा म्हणून तिथल्या एखाद्या खुणेवर प्रश्न विचारतात, उदाहरणार्थ खांबावरच्या पत्र्यावरचा क्रमांक. तो दुपारी लख्ख दिसतो. रात्री दिवा माथ्यावर उजेड पाडत असतो आणि पत्रा मात्र पलीकडच्या अंधाऱ्या बाजूला. म्हणून खुणा पायी आणि रात्रीच तपासा, तेही एक-दोन दिवस आधी. रस्त्यांचे ऑनलाइन फोटो पाहून प्रश्न काढू नका. फोटोतला बाक कधीच उचलून नेलेला असतो. 'फाटकाचा रंग कोणता' असे प्रश्नही नकोत, न जाताही चार अंदाजांत उत्तर लागतं. एवढं करूनही एखादी खूण गायब झालीच, तर तो कंट्रोल रद्द करू नका. तिथवर गेलेल्यांचा वेळ खर्ची पडलेला असतो. त्या जागेचं वर्णन जो करेल त्याला गुण द्या.

मॅपरनसारखं फोनवरचं ओरिएंटियरिंगचं अ‍ॅप वापरलं तर खूण लागत नाही, कंट्रोलजवळ पोचलं की फोनच आवाज करतो. पण उपग्रहाच्या संदेशाला भिंत कळत नाही. भिंतीलगत कंट्रोल ठेवलात तर पलीकडच्या गल्लीतूनही तो लागतो, आणि वळसा घालून आलेला प्रामाणिक माणूस चिडतो. उंच इमारतींच्या बोळात किंवा पुलाखाली तो लागतच नाही. मोकळा चौक निवडा आणि कागदी नकाशा सोबत ठेवा.

नकाशा

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून ओपनओरिएंटियरिंगमॅप या संकेतस्थळाच्या साहाय्यानं नकाशा झटपट तयार होतो. 1:10,000 असेल तर 1 सेंटीमीटर म्हणजे 100 मीटर. छापताना प्रिंटरची 'पानात बसवा' ही सोय चालू राहिली की प्रमाण गुपचूप बदलतं. छापील मोजपट्टीवर एकदा फूटपट्टी ठेवून बघा. रात्री कुलूप लागणारी फाटकं अशा नकाशावर बहुधा नसतात. ती स्वतः फिरून शोधा आणि जाड रेघेनं बंद दाखवा.

रंगाचंही एक आहे. कंट्रोलची वर्तुळं जांभळट-लाल छापतात, आणि लाल उजेडाच्या हेडलॅम्पखाली ती जवळजवळ दिसेनाशी होतात. पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर सगळे रंग एकाच छटेचे वाटतात. सगळ्यांना पांढरा उजेड आणायला सांगा, आकडे मोठे छापा, आणि रंगावर आधारलेला खेळ असेल तर रंगाबरोबर अक्षरही द्या.

वर्दळीचा रस्ता

मोठ्या रस्त्यापलीकडे 50 गुण ठेवून 'जपून ओलांडा' म्हणण्यात अर्थ नाही. घड्याळ चालू असताना कोणी जपत नाही. तो रस्ता नकाशाची हद्द करा. ते जमत नसेल तर सिग्नलच्या दोन्ही बाजूंना वेळ नोंदवा आणि ओलांडण्याचा वेळ हिशेबातून वगळा.

लांबी ठरवताना सरळ रेघेवर विसंबू नका. चौकटीच्या गल्ल्यांत तिरपं अंतर प्रत्यक्षात 1.4 पटीपर्यंत वाढतं. तासाला 12 किलोमीटर धावणाऱ्याला सगळे कंट्रोल मिळता मिळता राहावेत, आणि चालत येणाऱ्याला सुरुवातीजवळच पाच-सहा मिळावेत, इतपत मांडणी पुरते.

आणि एकदा केलेला प्रकार लगेच सोडून देऊ नका. पहिल्या रात्री लोक नियमच शिकत असतात. वाट निवडायला दुसऱ्या रात्री लागतात. मी तोच प्रकार दोन आठवड्यांनी पुन्हा लावतो, फक्त नंबर फिरवून.