परग्रहावरचा दुष्काळ खोटा का वाटतो? विज्ञान कादंबरी लिहिताना या चुका टाळा

मराठवाड्यातली नवी मुलं-मुली विज्ञान कादंबरी लिहायला लागली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना अंतराळयानाच्या निमित्ताने आपल्याच भागाबद्दल बोलायचं असतं. पाणी, ऊसतोड, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, गाव सोडून जाणं. विषय मोलाचे आहेत आणि लिहिणाऱ्यांची कळकळही खरी आहे. तरी हस्तलिखितं वाचताना कथा पुन्हापुन्हा ठरावीक ठिकाणीच अडते. त्या जागा आणि त्यांवरचे उपाय पुढे देतो आहे.

नाव बदललं म्हणजे रूपक झालं, हा समज

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. 'निर्जला' नावाचा ग्रह, त्यावर 'धनासुर' नावाचा राजा आणि तहानलेली प्रजा. दुसऱ्याच पानावर वाचकाला कळतं की ग्रह म्हणजे आपला तालुका आणि राजा म्हणजे आपला पुढारी. मग उरलेली दोनशे पानं त्याने कशासाठी वाचायची?

यावर पुष्कळजण अर्थ आणखी खोल लपवायला जातात. त्याने काही साधत नाही. पैठणच्या संत एकनाथांचं विंचवाचं भारूड आठवा. विंचू म्हणजे कामक्रोध, हे नाथ पहिल्याच ओळीत सांगून मोकळे होतात. तरीही भारूड शेवटपर्यंत धरून ठेवतं, कारण तो विंचू खरोखर चावतो. घाम फुटतो, वेदना चढते, उतारा शोधावा लागतो, आणि अंगारा लावायचा तो सत्त्वगुणाचा. विष चढण्या-उतरण्याचे टप्पे तिथे जसेच्या तसे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दुसरा अर्थही आहे. अर्थ उघडा पडला म्हणून रूपक मरत नाही. आतून पोकळ असलं की मरतं.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या 'द टाइम मशीन' या कादंबरीतही हेच दिसतं. वर उजेडात बागडणारे नाजूक एलॉय आणि जमिनीखाली यंत्रं सांभाळणारे मॉरलॉक, ही मालक-मजुरांची फूट आहे हे तिथे झाकलेलं नाही. पण वेल्स ती फूट आठ लाख वर्षं पुढे नेतात. वापर नसल्याने एलॉयांची बुद्धी आणि बळ दोन्ही झिजतात, अंधारात राहून मॉरलॉकांचे डोळे बदलतात, आणि शेवटी खालचे वरच्यांना खातात. उत्क्रांतीचा नियम एकदा धरल्यावर लेखक मध्येच तो सोडत नाही.

उपाय असा: तुमच्या कल्पनेतलं यंत्र किंवा कायदा कथेत आणण्याआधी त्याचा रोजचा कारभार लिहून काढा. पाणी मोजणारी चिप प्रत्येकाच्या मनगटात बसवली असेल तर ती बिघडल्यावर दुरुस्त कोण करतं? पाहुणे आले की काय होतं? मेलेल्या माणसाचा कोटा कोण उचलतं? तान्ह्या बाळाच्या नावावर चिप किती दिवसांनी मिळते? या प्रश्नांची उत्तरं शोधताना कथानक आपोआप सापडतं आणि समाजही त्यात उतरतो, वेगळं भाषण लिहावं लागत नाही.

अतिशयोक्ती वास्तवापेक्षा लहान ठेवणं

"भविष्यात पाणी रेल्वेने येईल" असं उपहासाने लिहिलेलं मी आजही वाचतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर आलं, नंतर एका खेपेला पन्नास टाक्या येऊ लागल्या. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती. घडून गेलेल्या गोष्टीला भविष्य म्हटलं की वाचक लेखकावरचा विश्वास काढून घेतो.

अशा वेळी आकडा फुगवू नका. सवय वाढवा. ती रेल्वे चाळीस वर्षं येतेच आहे असं समजा. तिचं वेळापत्रक पाहून लग्नाच्या तिथी काढतात. स्टेशनाजवळच्या जागेचे भाव चढलेत. नदीला पाणी आलं तर रेल्वे बंद होईल, म्हणून पोटापाण्याच्या काळजीने लोकच धरणाच्या विरोधात उपोषणाला बसलेत. इथे कोणी राक्षस नाही, आणि भाष्य मात्र धारदार झालं.

जखमेवर हसणं

याबद्दल जरा कडक बोलावं लागेल. बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हिशेबात मिळून एक 'कोयता' मोजली जाते. उचल कोयत्यावर मिळते, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारने समिती नेमली. यावर बेतलेल्या कथांत 'स्त्री-यंत्रमानवाचा नको असलेला भाग काढला' असे प्रसंग येतात, आणि वाचणाऱ्याला हसू येतं ते त्या बाईवर. हा उपहास चुकलेला आहे.

नजर बाईच्या शरीरावरून काढून हिशेबाच्या वहीवर न्या. दोन माणसांना एक यंत्र म्हणून नोंदणारी कंपनी, त्या जोडीला मिळून एकच बॅटरी, आणि एकजण पडला की दुसऱ्याचीही वीज बंद. हा नियम मंजूर करणाऱ्या बैठकीचं इतिवृत्त लिहा. मुकादमालाही सोपा खलनायक करू नका. तो कारखान्याकडून पैसे उचलतो, टोळीत वाटतो, आणि एखादा कोयता पळाला की वसुलीला त्यालाच धरतात. साखळीतला प्रत्येकजण कोणाचा तरी देणेकरी आहे हे दिसलं की व्यवस्था दिसते.

विज्ञान ढिलं सोडणं

कृत्रिम पावसाच्या कथेत विमान कोरड्या आकाशात ढग तयार करतं, आणि पुढारी ते ढग पळवतो. प्रत्यक्षात विमानातून फवारलं जाणारं सिल्व्हर आयोडाइड हे रसायन ढग घडवत नाही. आधीच असलेल्या ढगातल्या अतिथंड, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या थेंबांना गोठायला त्याचे कण आधार देतात, एवढंच. २०१५ मध्ये औरंगाबादहून असे प्रयोग झाले तेव्हाही मुळात योग्य ढग लागत होते. ही मर्यादा पाळली तर कथा जास्त बोलते: विमान सज्ज, रडार सज्ज, आणि आकाशात ढगच नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पावरही आता कथा येताहेत. "अब्जावधी प्रकाशवर्षांवरचं ऐकू येतं, शेतकऱ्याचं नाही," एवढ्यावर त्या संपतात. हे वाक्य कुणालाही सुचेल. थोडं आत शिरा. चार किलोमीटर लांबीच्या भुजांत प्रोटॉनपेक्षाही लहान बदल मोजायचा, तर जवळून जाणाऱ्या ट्रकची थरथरसुद्धा गोंगाट ठरते आणि ती वेगळी काढावी लागते. हा गोंगाट गाळण्याचंच काम करणारी गावातली मुलगी नायिका करा. रोज ती आपल्या वडिलांच्या ट्रॅक्टरची थरथर नोंदीतून पुसते. एक दिवस ती थरथर येतच नाही.

बोली फक्त विनोदाला वापरणं

शास्त्रज्ञ पुस्तकी मराठीत बोलतो आणि "काय करायलास?" म्हणणारा तेवढा गडी किंवा चोर असतो. व्यवस्थेवर लिहायला निघालेल्या कादंबरीत हसण्याचा रोख परभणीच्या बोलीवर गेला, तर सगळा डाव उलटतो. यानाच्या कप्तानाला ही बोली द्या, कसलंही कारण न सांगता.

पात्राकडून भाषण करून घेणं

नाथांच्याच रोडग्याच्या भारुडातली बाई भवानीआईला सासरच्या एकेका माणसाचं जे वाईट मागते, ते अगदी मनापासून मागते. आपण काही वावगं बोलतोय याची तिला जाणीवही नाही. तुमच्या कथेतल्या पाणी-आयुक्तालाही असंच मनापासून बोलू द्या. त्याला आपला नियम न्याय्य वाटला पाहिजे.

हस्तलिखित पूर्ण झालं की उसाच्या फडावर किंवा टँकरवर काम केलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा. आवडलं का, असं विचारू नका. तो भिडेखातर हो म्हणेल. "हा नियम चुकवायचा झाला तर तुम्ही कसा चुकवाल?" असं विचारा, आणि वही उघडी ठेवा.