छाटणीच्या कात्रीचं होल्स्टर: काळे डाग टाळा

छाटणीच्या कात्रीसाठी कमरेच्या पट्ट्यावर अडकवायचं कातड्याचं होल्स्टर, म्हणजे म्यान, शिवलं, ओल्या कातड्यात कात्री दाबून आकार दिला आणि सकाळी बघतो तर आत काळे डाग! ओल्या कातड्यातलं टॅनिन (कातडं कमावताना झाडाच्या सालीतून त्यात उतरलेलं तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की असं होतंच. ते डाग घासून जात नाहीत.

उपाय स्वयंपाकघरातच आहे.

१. कात्री बंद करून तिच्यावर पातळ प्लास्टिक फिल्मचे दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा. त्या जाडीमुळे किंचित सैलपणाही मिळतो, कात्री अडकत नाही.
२. शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की काढा.
३. कात्री आत घालून चमच्याच्या पाठीने कडेकडेने दाबत जा. नखं लावू नका, ओल्या कातड्यावर ओरखडा कायमचा राहतो.
४. तासाभराने कात्री काढा, सावलीत दिवसभर वाळवा.

कातडं मात्र कोल्हापुरी चपलेसारखं, साल-हिरड्यात कमावलेलं हवं. पर्सचं मऊ क्रोम कातडं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) आकार धरत नाही. आणि घाई झाली तरी उन्हात ठेवू नका. कडक होऊन तडकतं.