जिनिव्हाच्या शोमधली घड्याळं आणि आपलं सोळा सेंटीमीटरचं मनगट

एप्रिल उजाडला की माझ्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत झोपते, कारण तिकडे जिनिव्हात वॉचेस अँड वंडर्स हे घड्याळांचं मोठं प्रदर्शन सुरू झालेलं असतं आणि रोलेक्स, पाटेक, कार्टिए, ट्युडर सगळे एकदमच आपापला नवीन माल बाहेर काढतात. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेबारा, म्हणजे नेमकी आमची जेवणाची सुट्टी. नाशिकच्या सातपूरला कंपनीच्या कँटीनमध्ये एका हाताने डाळ-भात आणि दुसऱ्या हाताने स्क्रोलिंग. मित्र विचारतात, घेणारेस का रे? नाही रे बाबा, त्यातलं बरंचसं तर मला दहा वर्षं पगार साठवूनही जमणार नाही. पण मॅच बघायला स्वतः बॅटिंग करावी लागते का?

तर या शोमधून आपली फेव्हरेट कशी निवडायची ते सांगतो. 2025 चा शो उदाहरणाला घेतो कारण त्यातली बरीच घड्याळं आता लोकांच्या हातात आलीयेत, नुसते कंपनीचे फोटो नाहीत.

आधी एक काम करा, पहिल्या दिवशी काहीही फेव्हरेट ठरवू नका. कंपनीचे फोटो बहुतेकदा कॉम्प्युटरवर बनवलेले असतात, काचेवर चमक नाही, डायलवर बोटाचा डाग नाही, ३५ एमएमचं घड्याळ आणि ४५ एमएमचं घड्याळ स्क्रीनवर सेम टू सेम साइजचं दिसतं, तिथेच आपण फसतो. मी फसलोय ना. काही वर्षांपूर्वी असंच एका घड्याळाच्या फोटोवर भाळून ऑनलाइन मागवलं, ४५ एमएम, घरी आलं तर मनगटावर वाटी पालथी घातल्यासारखं. अप्पा म्हणाले, "वेळ बघायची का आमटी वाढायची यात?" तीन महिन्यांत निम्म्या किमतीला विकलं.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त आकडे उतरवायचे. व्यास, जाडी, कान ते कान लांबी, किती मीटर पाणी, आणि मशीन कुठलं. कान म्हणजे पट्टा अडकवायला केसला, म्हणजे घड्याळाच्या डबीला, वर-खाली जे दोन-दोन पाय असतात ते. लोक व्यास बघतात आणि तिथेच थांबतात, पण घड्याळ मनगटावर मावतंय की नाही हे व्यास ठरवत नाही, कान ते कान ठरवतं. ३९ चं लांब कानांचं घड्याळ ४१ च्या आखूड कानांच्या घड्याळापेक्षा मोठं वाटू शकतं.

आता मनगट मोजा. सुतळीने गोल माप घेतलं तरी चालेल, पण खरं माप म्हणजे मनगटाची वरची सपाट जागा, जिथे घड्याळ बसतं. मी टूलरूमवाला माणूस, मी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावतो, तुम्ही पट्टी लावा. माझं मनगट गोल १६ सेंटीमीटर आणि वरची सपाट रुंदी ५१ एमएम. म्हणजे कान ते कान ४८ च्या पुढे गेलं की मी नाद सोडतो. ते वाटीवालं ५४ होतं!

मग कॅलेंडरचा मागचा पुठ्ठा घ्या, त्यावर कंपासने त्या व्यासाचा गोल काढा, वर-खाली कानांची लांबी धरून कापा, डबल टेपने मनगटाला चिकटवा, आणि हात लांब करून आरशात बघा. जवळून नाही, आरशात, कारण लोकांना आपलं घड्याळ आरशाइतक्या लांबूनच दिसतं. बायको म्हणते वेड लागलंय, पण हा पुठ्ठा जे सांगतो ते दहा रिव्ह्यू बघूनही कळत नाही.

2025 मध्ये हा पुठ्ठ्याचा खेळ जाम मजेशीर झाला कारण साइज खाली आले. आयडब्ल्यूसीने इंजिनिअर ३५ एमएममध्ये आणलं, जाडी साडेनऊच्याही आत. ए. लांगे उंड झ्योनेने १८१५ चक्क ३४ एमएममध्ये काढलं, जाडी ६.४. ग्रँड सेइकोचं ते फेमस झालेलं यू.एफ.ए. ३७ चं. मी ३४ चा गोल कापून टेबलावर ठेवला होता, अप्पांनी उचलला, कपाटातून त्यांचं एचएमटी जनता काढलं आणि वर ठेवून बघितलं. जवळपास तंतोतंत! सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, रोज सकाळी चावी द्यायची, तेच ते. वीस वर्षं सगळे ताटलीएवढी घड्याळं घालून फिरले आणि शेवटी फॅशन अप्पांच्या कपाटात परत आली. (एचएमटीचा घड्याळाचा कारखाना 2016 ला बंद झाला, हे अप्पांसमोर काढायचं नाही.)

पहिली चाळणी मापाची झाली, दुसरी पाण्याची, आणि ही नाशिककराला जास्त लागते. डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणून ३० मीटर खोल जायचं नसतं, तो आकडा लॅबमधल्या चाचणीचा. ३० म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, ५० म्हणजे जरा बिनधास्त, पोहायला किमान १०० हवं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पुराचं पाणी आपण कसं मोजतो, काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलंय त्यावरून, तसंच समजा, ३० म्हणजे पायाशी आणि २०० म्हणजे मारुती बुडाला तरी चिंता नाही. मी एका रंगपंचमीला ३० मीटरवालं घालून रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारला होता. अक्कल नव्हती. संध्याकाळी काचेच्या आतून वाफ, दुसऱ्या दिवशी सहाच्या आकड्याशी रंगाचा एक छोटा ढग. मेन रोडला घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं फार लागलं.

तर पाण्याच्या चाळणीत ट्युडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट बर्गंडी एकदम वर येतं. ३९ एमएम, ११.७ जाड, २०० मीटर, बेझल (काचेभोवतीची कडी) आणि डायल दोन्ही वाइन रंगाचं, आता नाशिकला वाइन रंग आवडणार नाही तर कुणाला. वर त्याच्या स्टीलच्या पट्ट्याची क्लॅस्प, म्हणजे बंद करायची कडी, हाताने पाच टप्प्यांत ८ एमएमपर्यंत कमी-जास्त होते, हत्यार लागत नाही. ही गोष्ट फोटोत दिसतच नाही पण मे महिन्यात दुपारी मनगट फुगतं ना, तेव्हा कळते तिची किंमत.

तिसरी चाळणी मशीनची. इथे लोक मोठमोठे शब्द ऐकून हुरळतात, मी एकच हिशोब करतो, वर्षाला किती सेकंद चुकणार. सीओएससी या स्विस तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट असलेल्या मेकॅनिकल मशीनला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. रोज ६ सेकंद पुढे गेलं आणि तुम्ही हात लावला नाही तर वर्षाला ३६ मिनिटं होतात. साधं सेलवालं क्वार्ट्झ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास. आणि ग्रँड सेइकोचं हे यू.एफ.ए. वर्षाला अधिक-उणे २० सेकंद! ताकद स्प्रिंगची, सेल नाही, पण वेगावर लक्ष क्वार्ट्झ क्रिस्टलचं, त्याला ते स्प्रिंग ड्राइव्ह म्हणतात. सेकंद काटा टिकटिक करत नाही, तेलावर घसरल्यासारखा सरकतो. मी तो व्हिडिओ कँटीनमध्ये इतक्या वेळा बघितला की शेजारचा म्हणाला अरे जेव आता.

रोलेक्सने त्या वर्षी लँड-ड्वेलर काढलं, ३६ आणि ४० मध्ये. निम्मी दुनिया डायलवरच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या नक्षीवर भांडत बसली, कुणाला आवडली कुणाला नाही, पण खरी गंमत आत आहे. नेहमीच्या मशीनमध्ये एस्केपमेंटचा (स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या भागाचा) पॅलेट चाकाच्या दातांवर घासत चालतो, घासलं की ताकद वाया जाते आणि तेल लागतं. यात सिलिकॉनची दोन छोटी चाकं एका छोट्या झुलत्या तुकड्याला ढकलतात, तो बॅलन्सला (डोलणाऱ्या चाकाला) ठोका देतो, आणि हे घासण्याऐवजी जवळपास लोळत चालतं, नाव डायनापल्स. म्हणून सेकंदाला ८ ऐवजी १० ठोके देऊनही ६६ तास चालतं. गिअर कटिंगच्या मशीनवर आयुष्य घालवलेल्या माणसाला यात काय मजा आहे ते समजेल. पट्टा मात्र मला अजून पटला नाही, केसला जुळवूनच बनवलेला, कुठलाही साधा पट्टा त्याला बसत नाही. म्हणून माझ्या लिस्टमध्ये ते मशीनसाठी आहे, हातात घालायला नाही. असे दोन कप्पे ठेवा हं, कौतुकाचा वेगळा आणि घालायचा वेगळा, नाहीतर गोंधळ होतो.

कौतुकाच्या कप्प्यात बुल्गारीचं ऑक्टो फिनिसिमो अल्ट्रा टुर्बियाँ पण टाका. अख्खं घड्याळ, काच-झाकण धरून, १.८५ एमएम जाड. आपलं दहाचं नाणं पावणेदोनच्या आसपास भरतं, म्हणजे नाण्याएवढ्या जाडीत टुर्बियाँ, म्हणजे मशीनचं काळीज धरून गोल फिरणारा पिंजरा, बसवलंय. आमच्याकडे एवढ्या जाडीचा पत्रा पंच करताना सुद्धा वाकतो. बनवणार २० च. पण याच्यावर जीव जडलाच तर आपलं टायटन एज बघा, सेलवालं आहे पण पूर्ण केस साडेतीन एमएमची, मशीन १.१५ ची, आणि ते 2002 पासून बाजारात आहे.

व्हॅशरॉन कॉन्स्टँटिनच्या ४१ कॉम्प्लिकेशनवाल्या (साध्या वेळेपलीकडची कामं करणाऱ्या) सोलारियाबद्दल सगळे बोलतात, बोलू द्या. एकच पीस, १५२१ पार्ट. बघा, तोंडात बोट घाला, पुढे चला.

आपल्या देशाची एक भानगड मात्र प्रत्येक वेळी तपासायचीच, ती म्हणजे अर्धा तास. नोमोसचं क्लब स्पोर्ट वर्ल्डटायमर बघून मी पार वेडा झालो होतो, ४० एमएम, दहाच्या आत जाडी, बटण दाबलं की शहर बदलतं. पण अशा चोवीस शहरांच्या घड्याळात प्रत्येक पायरी पूर्ण एक तासाची असते, आणि आपण साडेपाचवाले, कराची आणि ढाक्याच्या मधे लटकलेले. दुसऱ्या देशाची वेळ दाखवणाऱ्या जादा, म्हणजे जीएमटी काट्याचंही तेच, अर्ध्या तासाचा हिशोब डोक्यातच करायचा. ज्याचा पोरगा लंडनला आहे त्याने पैसे वाचवावेत, हिवाळ्यात आपलं साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ दिसते. खरंच, करून बघा, अडीच वाजता उलटं करा, मिनिटकाटा बारावर आणि तासकाटा आठ-नऊच्या मधे दिसेल, तेच नऊ समजा.

या सगळ्यातून एप्रिलअखेर पाच नावं उरायला हवीत, जास्त नाही. मग गप्प बसायचं. दसऱ्यापर्यंत. मधल्या काळात लोकांनी स्वतःच्या हातातले, ट्यूबलाइटखालचे, घामाचे फोटो टाकलेले असतात, ते बघायचे. माझ्या 2025 च्या पाचात आधी कार्टिएचं टँक आ गिशे होतं, काटेच नाहीत, दोन खिडक्यांत आकडे येतात, मूळ 1928 चं डिझाइन. एप्रिलमध्ये जीव टाकला होता, ऑगस्टमध्ये लक्षातही राहिलं नव्हतं. उलट इंजिनिअर ३५ पहिल्या दिवशी ठीकठाक वाटलं आणि दसऱ्याला नंबर एक. ट्युडर दुसरं, यू.एफ.ए. तिसरं.

एक सांगायचं राहिलं, ओमेगा, लाँजिन्स, टिसो या शोमध्ये शोधू नका, स्वॉच ग्रुप तिथे येत नाही, त्यांचं नवीन वर्षभर कधीही येतं. आणि भावाची घाई नको, स्वित्झर्लंडबरोबरचा व्यापार करार ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय, तिकडच्या घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरणार आहे.

शेवटची पायरी, हातात घालून बघणं. मी त्यासाठी मुंबई गाठतो. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडा, दुपारी दोन-तीन दुकानं करा, संध्याकाळी त्याच गाडीने परत. घाबरायचं नाही, आत जाऊन सरळ म्हणायचं, आज घेणार नाहीये, फक्त हातात बघायचंय, बहुतेक जण प्रेमाने दाखवतात. अंगठी, कडं आधी काढून खिशात, दुसऱ्याच्या घड्याळाला ओरखडा नको. फोटो विचारून काढा. उभं राहून, हात खाली सोडून, दोन मिनिटं विसरून जायचा प्रयत्न करा आणि मग चटकन वेळ बघा, काटे एका नजरेत सापडले का तेवढंच तपासा. आणि व्हर्निअर घरीच ठेवा. मी एकदा बॅगेत घेऊन गेलो होतो, मॉलच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने काढून उलटसुलट बघितला, साहेबाला बोलावलं, साहेबाने विचारलं हे काय आहे, मी म्हटलं घड्याळ मोजायला आणलंय, तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि टोकन देऊन तो काउंटरवर ठेवून घेतला.