‘हार्ड रेन’ एक्स्पर्टवर: साखर कारखान्यातून चौघांना जिवंत कसं काढावं

‘लेफ्ट फोर डेड 2’ हा 2009 चा, चौघांनी मिळून झोंबींशी लढायचा व्हिडिओ गेम. त्यातली ‘हार्ड रेन’ ही मोहीम आम्ही चौघे अजूनही खेळतो. बोटीसाठी डिझेल आणायचं आणि त्याच वाटेनं वादळात परत फिरायचं. हत्यारं, मेडकिट, पाईप बॉम्ब हे तुम्ही बघालच. गावातून कारखान्यापर्यंतची वाट सोपी आहे, फक्त पांगू नका.

खरी परीक्षा कारखान्यात, कारण तिथे एकीपेक्षा जास्त विच, म्हणजे डिवचलं नाही तर रडत राहणाऱ्या खतरनाक झोंबी बाया, भेटू शकतात. ‘विच दिसली की चौघांनी मिळून गोळ्या घाला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. एक्स्पर्टवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, तिच्या एकाच फटक्यात माणूस मरतो. खाली पडलेल्याला उचलायची संधीसुद्धा मिळत नाही. शॉटगन डोक्याला भिडवून एका बारात तिला मारता येतं, पण त्यासाठी हात बसलेला लागतो. नेम जरा चुकला की गेलात. इथे मारू नका, चुकवा.

रडणं ऐकू आलं की सगळ्यांनी टॉर्च बंद करायचा. ‘माझा उजेड तिच्यावर पडत नाहीये’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक टोळीत असतो, त्याला आधीच दटावून ठेवा. मग थांबून बघा. जाताना इथल्या विच एका जागी बसत नाहीत, रडत फिरतात. मोकळी वाटलेली वाट अर्ध्या मिनिटात बंद होते. तिची पाठ वळली की निघा. गुरगुर वाढली तर मागे या, ‘तेवढ्यात निसटू’ म्हणू नका.

आम्ही इथे आठवडेच्या आठवडे अडकलो होतो. तिच्या अंगावर कुणी जात नव्हतं. तिच्यामागून येणाऱ्या साध्या झोंबींवर आम्ही गोळ्या झाडायचो आणि त्यातली एखादी तिला लागायची. तेव्हापासून नियम एकच: विच जवळ असली की बंदूक खाली, हातात कुऱ्हाड किंवा तलवार. आग तर अजिबात नको. पेटलेली विच थेट धावून येते. तरीही ती चवताळलीच, तर जिच्यामागे किंवा ज्याच्यामागे ती लागली त्यानं पळायचं आणि बाकी तिघांनी एकदम झाडायचं.

पुढे लिफ्ट. बोलावली की झुंड येते, कोपऱ्यात पाठीला पाठ लावून उभे राहा.

मग उसाचं रान. ज्यांनी आपल्याकडचा उभा ऊस पाहिलाय त्यांना सांगायला नको, दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. परतताना त्यात पाणी भरलेलं असतं, वादळाची सर आली की समोरचं दिसत नाही आणि खेळ माईकवरचा आवाजही दाबतो. म्हणून पुढे कोण, मागे कोण हे सर येण्याआधीच ठरवा. सर आली की जागीच जवळ या. ओसरली की चाला.

गावात पोचल्यावर बर्गरच्या हॉटेलाची पाटी पेटवा, तोच बोटवाल्याला इशारा. बोट दिसली की मागे वळून टँकशी, म्हणजे त्या धिप्पाड झोंबीशी, लढत बसू नका, धावा.