आधी कान, मग कोडी

रिटायर झालो तेव्हा मुलीने सुडोकूचं पुस्तक आणून दिलं. म्हणाली, "बाबा, डोकं चालू राहील." 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन चालत्या गाडीत टप्प्यांचा हिशोब तोंडी केलेला. नऊ घरांत आकडे भरायचा मला दोन महिन्यांत कंटाळा आला. आता 68 चा आहे. मेंदूसाठी काय करतो ते सांगतो. कोडी त्यात शेवटी.

पहिलं काम, कान तपासून घ्या. कट्ट्यावर झालेलं बोलणं मला दुसऱ्या दिवशी आठवेना. घरात कुजबुज सुरू झाली की बाबांना विसर पडायला लागला. तपासणीत निघालं की ऐकूच कमी येतंय. जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? मी नुसती मान डोलवत होतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येण्याजोग्या 14 गोष्टी दिल्या आहेत. बहिरेपण त्यांत आहे, एकटेपणही आहे. ऐकू येईना की माणूस कट्ट्यावर जाणंच सोडतो, म्हणजे दोन्ही एकदम.

कानाचं मशीन लावल्यावर पहिल्याच दिवशी भांड्यांच्या आवाजाने वैतागून मी ते कपाटात टाकलं. तसं करू नका. सुरुवातीला घरातच रोज दोन तास लावा, मग रेडिओ ऐका, कट्टा सगळ्यात शेवटी.

दुसरं बीपी. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान ते गुपचूप करतं, दुखत काहीच नाही. घरी मोजायचं तर आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. वही डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. (लोणचं-पापड मी सोडलेलं नाही, कमी केलंय. सौ. याच्याशी सहमत नाही.)

माळकरी असाल, शाकाहारी असाल, तर एकदा बी-12 तपासा. ते कमी पडलं तर पायाला मुंग्या येतात, विसरायलाही होतं, आणि वेळेत कळलं तर उपाय सोपा आहे. झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. आमच्या वयात त्यांतल्या काहींनी डोकं भंजाळतं.

चालणं रोज. मी सकाळी साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेने 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जातो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागला पाहिजे. असं आठवड्याला 150 मिनिटं. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर गेली तर माझी रात्र वाया जाते, म्हणून गजर लावतो.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ हवी: अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की लगेच 108. हा पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही.

आता कोडी. येतं तेच घोकण्यात मेंदूला फारसं काम नाही. सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर हा रस्ता मी झोपेतही म्हणेन, त्याने काय होणार? नवीन आणि अवघड असं काहीतरी धरा. बाजाराची यादी करा, पण खिशात ठेवा. आधी आठवून सामान घ्या, निघताना यादी ताडून बघा. मी गेल्या वर्षापासून मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकतोय. त्यात आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. आजोबांच्या एका कागदात परवा एकाच शब्दावर अर्धा तास अडलो होतो. शेवटी लागला: 'बैल'.